एकतीस नंबरचा विसावा

कल्लाप्पा मगदूमच्या कानाबद्दल इचलकरंजीत ज्या गोष्टी सांगतात त्यांतल्या निम्म्या खऱ्या आहेत आणि उरलेल्या निम्म्या त्याहून खऱ्या. यंत्रमागांचा जमाना होता तेव्हा हा जॉबर होता. म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करायचा आणि न बिघडलेल्याला धाकात ठेवायचा. सायकलवरून जाता जाता कुणाच्याही शेडच्या खिडकीकडे तोंड करून ओरडायचा, "तिसऱ्या लायनीत पाचवा, धोटा फुटणार हाय दुपारी!" आणि जेवणाची सुट्टी व्हायच्या आत धोटा फुटायचा. एका लग्नात अक्षता पडत असताना त्यानं नवरीच्या मामाला हळूच सांगितलं, की पोरीच्या डाव्या पैंजणात एक घुंगरू कमी आहे. ताशाच्या कडकडाटात! मोजलं, तर कमीच होतं. सराफानं तिथल्या तिथं हात जोडले.

तर असा हा कान. आणि सन दोन हजार एकेचाळीसच्या दसऱ्याच्या तोंडावर ह्या कानानं अशी काही खोडी केली, की एका माणसाचा जीव तिच्यावर लटकला. तो माणूस म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ.

माग केव्हाच भंगारात गेले होते. मगदूम बंधूंच्या शेडमध्ये अठ्ठेचाळीस माग खडखडायचे, त्या जागी आता अठ्ठेचाळीस चक्रं चालत होती. रक्ताची.

चक्र म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. ज्याचं हृदय थकलं त्याच्या छातीत एक छोटा पंप बसवतात, हे आता पोरंबाळंही जाणतात. पण पंप आधी माणसात बसवून मग तो बरा की वाईट बघावं, हे काही जमत नाही. बिघडला तर परत करायला गिऱ्हाईक उरत नाही. म्हणून टेबलावर एक नकली अंग मांडायची पद्धत पडली. एक दट्ट्या दाबणारी पेटी, ती हृदयाची जागा घेते. तिला दोन झडपा. तिथून निघालेली रबरी नळी म्हणजे महाधमनी. खऱ्या धमन्या दर ठोक्याला फुगतात आणि परत आवळतात, त्यासाठी एक बंद बरणी, तिच्यात वर हवा कोंडलेली. ठोका आला की हवा दबते, गेला की सुटते. अंगभर पसरलेल्या बारीक नसांचा जो अडसर असतो त्याच्यासाठी नळीला एक चिमटा. आणि रक्त म्हणून पाण्यात ग्लिसरीन, कारण ते रक्ताइतकंच दाट होतं. एवढ्या भांड्याकुंड्यांत माणसाचं अख्खं रक्ताभिसरण बसतं, आणि नवा पंप मध्ये जोडून वर्षानुवर्षं पळवता येतो.

हे झालं जुनं. शेड भाड्यानं घेणाऱ्या डॉ. तनुजा हेरवाडे यांनी ह्यात दोन गोष्टी घातल्या. पहिली: प्रत्येक पेशंटचं स्वतःचं चक्र. छातीतला पंप मोबाइलवरून घडीघडीची खबर पाठवणार आणि शेडमधला चिमटा अन् बरणी तसतशी आपोआप बदलणार. तो माणूस जिना चढला तर इथलं चक्र जिना चढणार. दुसरी गोष्ट खरी अवघड. ग्लिसरीनच्या जागी त्याच माणसाच्या पेशींपासून वाढवलेलं रक्त, आणि त्यात रक्त गोठवणारी द्रव्यं मुद्दाम जास्त. ह्या पंपांचा एकच मोठा वैरी, तो म्हणजे आत धरणारी गाठ. जी गाठ छातीत धरायला अजून नऊ दिवस आहेत ती चक्रात आज धरते. थोडक्यात, चक्र माणसाच्या नऊ दिवस पुढं चालायचं.

दोन वर्षांत चक्रांनी अकरा वेळा धोक्याची घंटा दिली. अकराही वेळा खरी ठरली.

मग काय विचारता! शेडच्या फाटकापुढं नातेवाइकांची रांग. कुणी चक्राला विचारून साखरपुड्याची तारीख धरायचं, कुणी मामाचं चक्र धडधाकट आहे म्हटल्यावर मामाला जोतिबाचा डोंगर चढवायचं. कबनूरच्या एका बाईनं नवऱ्याच्या चक्रासाठी डब्यातून पुरणपोळी पाठवली, आणि चक्र खात नाही म्हटल्यावर "त्येंच्यावानीच हाय मेलं, गोड खाईत न्हाई" म्हणून परत नेली. शेवटी हेरवाडे मॅडमनी चक्रांवरची नावं काढून टाकली. फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा, ते त्यांना आणि हॉस्पिटलला ठाऊक; शेडमध्ये काम करणाऱ्या कुणालाच नाही.

पण चक्रांच्या देखभालीला ठेवलेल्या कल्लाप्पाच्या कानाला पाटी लागत नाही.

एकतीस नंबर श्रावणात सुरू झाला. आठवडाभरात कल्लाप्पाला त्याचा दिनक्रम पाठ झाला. सकाळी साडेसहाला जिना. सातव्या पायरीवर थांबा. मग उरलेल्या पायऱ्या एका दमात, जणू गुडघ्यावर राग काढतोय. संध्याकाळी परत तोच जिना, मग पंधरावीस मिनिटं नुसतं उभं राहणं, आणि मग अचानक चक्राला एक उसळी. रोज. एखाद्याला फार दिवसांनी कुणी दिसावं तशी.

दहाव्या दिवशी ती उसळी ऐकताना कल्लाप्पाच्या हातातला पाना खाली पडला. सातव्या पायरीवर थांबून गुडघ्याला शिव्या देणारा आणि गच्चीवर उभा राहून कबुतरं परत यायची वाट बघणारा माणूस अख्ख्या तालुक्यात एकच होता. शिवगोंडा मगदूम. आण्णा.

दोघांत नऊ वर्षं बोलणं नव्हतं. कारण साधं होतं. शिवगोंडा श्रीशैलला पायी गेला होता, महिनाभर. तेवढ्यात कल्लाप्पानं अठ्ठेचाळीस माग गॅसकटरनं कापून भंगारात घातले. बंदच पडले होते, कापड कुणी घेत नव्हतं, हे शिवगोंडालाही ठाऊक होतं. पण त्यानं परत येऊन रिकामी शेड बघितली, पायांतल्या चपलाही न काढता मागं वळला, आणि त्या दिवसापासून भावाचं नाव घेतलं नाही.

आता त्याचं रक्त त्याच शेडमध्ये फिरत होतं, आणि नऊ वर्षं न बोललेला भाऊ त्याला रोज ऐकत होता. कल्लाप्पानं हे कुणाला सांगितलं नाही. एकतीस नंबरची पुसणी मात्र तो दिवसातून दोनदा करायला लागला.

आली खंडेनवमी. इचलकरंजीत खंडेनवमीला यंत्र चालत नाही. धुऊन, पुसून, कुंकू लावून, झेंडूचं फूल ठेवून यंत्राला विसावा द्यायचा. वर्षभर राबतंय, एक दिवस बसू दे. चक्रं बंद करता येत नाहीत म्हणून मॅडमनी फक्त बाहेरच्या चौकटींना हळदकुंकू लावायची परवानगी दिली होती. सगळ्यांनी सत्तेचाळीस चक्रांना तेवढंच केलं.

उरलेल्या एकाचं कल्लाप्पानं स्वतः केलं. एकतीस नंबर. सगळी दारात आरतीला उभी होती तेव्हा त्यानं आत जाऊन एकतीसला 'धुलाई'वर टाकलं. धुलाईत नोंद थांबते. आणि मग त्यानं पंप बंद केला. हात जोडले. आरत्या संपल्या तसा पंप चालू केला, आणि डोळे पुसत बाहेर येऊन प्रसाद घेतला.

तिसऱ्या दिवशी दुपारी एकतीसची घंटा वाजली. प्रवाह उतरलेला, पंप नेटानं ओढतोय. गाठ! नियमाप्रमाणं घंटेबरोबर निकाल आपोआप हॉस्पिटलात गेला: आजपासून नवव्या दिवशी, सकाळी अकरा चाळीसच्या सुमारास. पुढं गोठू नये म्हणून रक्तात औषध सोडून चक्र जागच्या जागी बंद केलं आणि सील झालं. संध्याकाळपर्यंत शेडमध्ये कळलं, की पेशंटला पाचव्या दिवशी घेणार. छाती परत उघडून पंप बदलणार. वय सदुसष्ट. डॉक्टरांच्या हिशेबानं दहांतले तीन टेबलावरून उठत नाहीत.

कल्लाप्पा घरी गेला. भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली. बंद रक्त गोठतं, एवढं त्याला दोन वर्षांत कळलेलं होतं. नवमीला का आठवलं नाही? नवमीला तो जॉबर होता, म्हणून. जॉबरला एवढंच ठाऊक, की विसावा दिलेलं यंत्र जास्त टिकतं.

आता बोलावं, तर आण्णाचं ऑपरेशन टळेल. पण गाठ खरीच धरणार असेल, तर ऑपरेशन टाळून आण्णा नवव्या दिवशी जाईल. आणि गप्प बसावं, तर कदाचित त्याला उगाच फाडतील. दोन्हीकडून त्याचा हात आण्णाच्या छातीतच. रात्रभर छताचा पंखा ऐकत पडला. त्याचं बेअरिंग गेलेलं होतं. पहिल्यांदाच त्याला त्याचं काही वाटलं नाही.

सकाळी तो मॅडमच्या टेबलासमोर उभा राहिला.

"मॅडम, एकतीसची गाठ माझी हाय."

तनुजा हेरवाडे पस्तिशीची बाई. हेरवाडची, शेतकऱ्याची मुलगी, जर्मनीत शिकून आलेली. तिनं चष्मा वर केला. "म्हणजे?"

"मी थांबीवलं हुतं त्येला. नवमीला. आरतीपुरतं."

"किती वेळ?"

"पाच आरत्या झाल्या. वर मंत्रपुष्पांजली."

"काका, मिनिटांत सांगा!"

"बारा आसतील. शंकराची आरती आमच्यात जरा सावकास म्हणत्यात."

तिनं डोळे मिटून घेतले. "रक्त ढवळणीच्या टाकीत वळवलं होतंत? धुलाईच्या आधी वळवायचं असतं."

"न्हाई. ढवळत ठिवायचं तर इसावा कसला, मॅडम?"

 ती कागदावर पेन आपटत म्हणाली, "वाहतंय म्हणून गोठत नाही काका, म्हणून तुम्ही-आम्ही जिवंत आहोत. त्यात हे रक्त मुद्दाम गोठाळू केलेलं. बारा मिनिटं म्हणजे त्याला बारा तास!"

"म्हंजे गाठ खोटी?"

"असं मी म्हणू शकत नाही. तेच तर. खरी गाठ आधीच धरत आली असेल, तुमच्या विसाव्यानं फक्त मोठी झाली असेल. नवीन रक्त वाढवून परत चक्र चालवायचं तर वीस दिवस लागतात. सील केलेलं उघडायचं तर निरीक्षक यावा लागतो, तो दहा दिवस येत नाही. आणि पेशंटच्या छातीत आज बघावं तर काहीच दिसणार नाही, कारण असलंच तरी अजून डोळ्यांना दिसण्याएवढं झालेलं नाही." ती थांबली. "एक मिनिट. एकतीसच का थांबवलंत?"

"आमचा आण्णा हाय त्यो."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"जिन्यानं."

त्यावर ती रागावणार होती, पण रागवायलाही वेळ नव्हता. "मी आता हॉस्पिटलला लिहिते. सगळं. तुम्हाला उद्यापासून शेडमध्ये येता येणार नाही."

"कळलं."

"डॉक्टर म्हणतील, अकरांत अकरा खरी ठरलेली घंटा आम्ही एका कबुलीवर मागं घेणार नाही. शेवटी सही पेशंटचीच. त्यांना मी समजावून सांगू?"

"न्हाई," कल्लाप्पा म्हणाला. "मीच जातो."

गावभागातल्या त्या घराचं दार चंपावहिनीनं उघडलं. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "नऊ वर्सांनी वाट गावली व्हय भावजी?"

आत शिवगोंडा खाटेवर बसला होता. कमरेला पंपाच्या बॅटऱ्यांचा पट्टा. बाजूला हॉस्पिटलसाठी भरलेली पिशवी: टॉवेल, चष्म्याचं घर, विभूतीची डबी. हा पंप एकसारखा वाहता असतो, ठोके देत नाही. त्यामुळं शिवगोंडाच्या मनगटाला नाडी लागत नव्हती. गल्लीतल्या वैद्यानं एकदा हात धरला आणि "हे कधी वारले?" म्हणून वहिनीलाच विचारलं होतं.

"कोण, भंगारवाला?" शिवगोंडा म्हणाला. "ह्या घरात इकण्यासारखं आता काय ऱ्हायलं न्हाई."

कल्लाप्पा बसला नाही. उभ्याउभ्याच त्यानं सगळं सांगितलं. जिना, कबुतरं, नवमी, बारा मिनिटं. वहिनीच्या हातातलं तांब्याचं भांडं खाली ठेवायचं राहून गेलं.

"म्हंजे आदी माझं माग बंद केलंस," शिवगोंडा सावकाश म्हणाला, "आन आता काळीजबी."

"बाराच मिंटं, आण्णा."

"माग तर जल्माचं."

"हां."

"आन का? वैर फेडाय?"

कल्लाप्पाच्या तोंडून निघालं ते भलतंच. "चोवीस तास पळतंय रं ते. मी रोज बगतोय. मागालाबी वर्सातनं एक दीस इसावा आसतोय. तुला कुनी दिलाय कदी?"

शिवगोंडानं मान खिडकीकडे फिरवली. मग सदऱ्याच्या गुंड्या काढल्या. "ये हिकडं. ऐक आन सांग. कापून घिऊ का नगो?"

कल्लाप्पा खाली बसला आणि त्यानं भावाच्या छातीला कान लावला. आधी आला पंपाचा गुंजारव, बारीक, एकसुरी, दूरच्या शेडमधून यावा तसा. त्याच्याखाली श्वास. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, ते जुनं हृदय. दमलेलं, पण पंपाच्या मागं मागं आपलंही पाऊल टाकणारं. लहानपणी पुराच्या पाण्यातून ह्याच छातीला धरून तो घरी आला होता. कान लावलेला काढावासा वाटेना.

"काय म्हंतोय?"

"मला कळंना, आण्णा."

इचलकरंजीच्या इतिहासात हे वाक्य कल्लाप्पा मगदूमनं पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

शिवगोंडानं गुंड्या परत लावल्या. "चंपे, पिशवी सोड. आमी जानार न्हाई."

"आवं, त्यो डाक्टर..."

"चक्र अकरा येळा खरं झालंय. आता त्येला चुकायचं भ्याव न्हाई. ह्येला हाय. बग, 'काप' म्हनाय ह्येची जीब रेटंना. मी ह्येच्या भ्यावाचं ऐकतो."

वहिनी कल्लाप्पाकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळं जास्तच लागला. "ह्यास्नी काय झालं, तर तुमी माझ्या दारात यायचं न्हाई. खांद्यालाबी न्हाई."

डॉक्टर फोनवर पंधरा मिनिटं ओरडले. शेवटी तीन अटींवर ऐकलं: हॉस्पिटलपासून दहा मिनिटांच्या आत राहायचं, रोज रक्त तपासायचं, आणि जरा काही बदललं की गाडीत. शिवगोंडानं सही करून पाठवली.

आता कल्लाप्पाला नोकरी नव्हती आणि दुसरं काही काम सुचत नव्हतं. सकाळ-संध्याकाळ तो भावाच्या छातीला कान लावून बसायला लागला. वहिनी चहा आणून ठेवायची, त्याच्याकडे न बघता. चौथा दिवस गेला. पाचवा आला. ऑपरेशनची वेळ दुपारी दोनची होती. दोन वाजून गेले.

सातव्या दिवशी सकाळी कल्लाप्पाचा चेहरा पांढरा पडला.

"काय झालं?"

"घरघर. बारीक. काल नव्हती."

दहा मिनिटांचं अंतर रिक्षावाल्यानं सहा मिनिटांत काटलं. आणखी दोन मिनिटं वाचली असती, पण मध्ये एक वरात लागली, आणि रिक्षावाल्याच्या म्हणण्याप्रमाणं त्यानं ती वरात नवरदेवासकट रिक्षाची उडी मारून ओलांडली. हॉस्पिटलात तासभर तपासलं. रक्त ठीक, प्रवाह ठीक, पंपाची ओढ ठीक. परत घरी येऊन कल्लाप्पानं पुन्हा कान लावला, तर घरघर तिथंच. मग वहिनीनं भिंतीवर थाप मारली, पलीकडच्या बाईला हाक दिली आणि तिचा फ्रीज बंद करायला लावला. घरघर थांबली.

शिवगोंडा इतका हसला की वहिनी त्याला पाठीवर थापट्या मारू लागली. "घुंगरू मोजनारा कान! फ्रिजाला घाबरून रिक्षा काडली!"

कल्लाप्पा हसला नाही. त्याला कळून चुकलं, की भीती एकदा कानात शिरली की कान कान राहत नाही. आणि आता खरी घरघर आली तरी त्याला ओळखू येणार नव्हती.

नववा दिवस. साडेदहापासून तिघं खोलीत बसली. शेजारणीनं न सांगता फ्रीज बंद केला होता. दारात गाडी उभी, चालू. वहिनीच्या ओठांवर नामस्मरण, आवाजाशिवाय. कल्लाप्पाचा कान छातीवर आणि डोळे घड्याळावर. अकरा वीस. पंप गुंजतोय. अकरा तीस. शिवगोंडाच्या कपाळावर घाम आला. वहिनीनं पदरानं टिपला. तो घाम पंपाचा की भीतीचा, हे विचारायची कुणाची छाती होईना. अकरा पस्तीसला गुंजारव जरा खाली गेल्यासारखा वाटला. कल्लाप्पानं श्वास रोखला. खाली गेला होता, की त्याच्याच कानात रक्त सणसणत होतं? सांगू? गाडीत घालू? त्यानं वहिनीकडे बघितलं. तिचे डोळे त्याच्याच तोंडाकडे होते.

त्यानं मान हलवली. नाही.

अकरा चाळीस. अकरा पंचेचाळीस. बारा वाजता बाहेरच्या शाळेची मधली सुट्टी झाली आणि पोरांचा गलका आत आला. पंप गुंजत होता. साडेबाराला शिवगोंडा म्हणाला, "मान आवघडली माझी. ऊट आता," आणि वहिनी स्वयंपाकघरात जाऊन हमसाहमशी रडली. मग तिनं साखर आणून कल्लाप्पाच्या हातावर ठेवली. ह्या वेळी बघितलं त्याच्याकडे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेरवाडे मॅडम आल्या. एकट्या. हातात कागद नाही, फोन नाही. एक छोटी काचेची बाटली. कल्लाप्पाला वाटलं, आता सगळं मिटलं हे सांगायला आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र तसं काही नव्हतं.

"निरीक्षक आज आले. एकतीस उघडलं." त्यांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. "नीट बघा. दोन आहेत."

आत, द्रवात, दोन गोळे होते. एक वाटाण्याएवढा, लाल, मऊ, कडा विरघळत चाललेला. दुसरा मोहरीएवढा. पांढरा.

"लाल गाठ थांबलेल्या रक्तात धरते. सगळं जिथल्या तिथं बसतं, तांबड्या पेशींसकट, म्हणून लाल. ही तुमची, काका. नवमीची. घंटा हिनंच वाजवली. ती खोटीच होती." त्यांनी बाटली किंचित फिरवली. "पांढरी मात्र थांबलेल्या रक्तात होत नाही. ती वाहत्या रक्तातच होते, पंपाच्या पात्याशी, घर्षणाच्या जागी, कण कण चिकटून. ही त्या बारा मिनिटांची नाही."

"मंग कुनाची?" वहिनीनं विचारलं.

उत्तर शिवगोंडानंच दिलं. "माझी."

"ती लहान आहे," मॅडम घाईनं म्हणाल्या. "इतक्या लहान अवस्थेत आजवर कुणाची दिसलीच नव्हती, कारण घंटा वाजेपर्यंत ती मोठी झालेली असते. औषध वाढवलं तर विरघळेलही. कदाचित त्या दिवशी ऑपरेशन केलं असतं तर जास्त वाईट झालं असतं. कदाचित नसतंही. नवीन चक्र उभं करायला वीस दिवस. तोवर पुढचं दाखवणारं काही नाही."

"आन मोटी झाली तर? किती दिवसांत?" शिवगोंडानं विचारलं.

"आठ दिवस. दोन महिने. कधीच नाही. खरंच सांगता येत नाही, आजोबा. सुरुवातीला आवाजात फरक पडतो म्हणतात, फार बारीक. आमची यंत्रं तो अजून पकडू शकत नाहीत." त्या कल्लाप्पाकडे वळल्या आणि न राहवून म्हणाल्या, "शेडमध्ये तुम्हाला मी घेऊ शकत नाही काका. पण इथं तुम्हाला कुणी अडवलेलं नाही."

त्या गेल्या. बाटली त्यांच्याबरोबर गेली, तरी तिघं तिच्या जागेकडेच बघत बसली. बाहेर अंधारायला लागलं होतं.

"म्या फ्रिजाला भ्यालो, आण्णा," कल्लाप्पा म्हणाला. "माझ्या कानावर इस्वास ठिवू नगंस."

"न्हाई ठिवत." शिवगोंडानं सदऱ्याच्या गुंड्या काढायला सुरुवात केली. "पर रोज ये. सकाळी ये, संध्याकाळीबी ये. गाठ जाईस्तवर ये. न्हाई गेली तर त्येच्या म्होरंबी ये."

"येतो."

"आन आलास की गुमान ऐकायचं. बोलाय लागलास की मला मागचं सगळं आठवतंय."

कल्लाप्पा खाली बसला, तोंड मिटलं, आणि कान लावला.